राख पडली तर शहरात आधी काय बंद पडेल? ऑकलंडचं उदाहरण घेऊन अंदाज कसा काढायचा

ज्वालामुखी म्हटलं की लाल लाव्हाच डोळ्यांसमोर येतो, पण लाव्हा जाऊन जाऊन किती लांब जाणार, राख मात्र शेकडो किलोमीटर जाते. नोव्हेंबर २०२५ मध्ये इथिओपियातल्या हायली गुब्बीची राख वाऱ्याबरोबर येमेन-ओमानवरून भारताच्या आकाशात आली आणि आपल्याकडची विमानं रद्द झाली, आठवत असेलच. ती वरच्यावर निघून गेली. पण अशी राख एखाद्या शहरावर खाली बसली तर तिथलं काय काय बंद पडेल आणि किती दिवस, हे आधीच कसं शोधून ठेवायचं त्याबद्दल हे लिहितोय. उदाहरण ऑकलंडचं घेतो, कारण शहर स्वतःच पन्नासेक जुन्या ज्वालामुखींवर वसलंय, शिवाय रुआपेहू आणि तारानाकी हे दोन मोठे ज्वालामुखी साधारण पावणेतीनशे किलोमीटरवर बसलेत, आणि आपली मराठी मंडळीही तिथे बरीच आहेत.

एक गोष्ट आधीच सांगतो. बहुतेक जण "छप्पर पडेल का?" इथून सुरुवात करतात. ते शेवटी बघा. छप्पर पडायला ओल्या राखेचा चांगला दहाएक सेंटिमीटर थर लागतो, आणि वीज, पाणी, गटारं यांची वाट लागायला दोन-तीन मिलिमीटर पुरतात. पातळ थर पडण्याची शक्यताही जाड थरापेक्षा कितीतरी जास्त असते. म्हणजे खरं काम मिलिमीटरमध्ये आहे.

किती राख धरायची

एकच आकडा धरू नका, तीन धरा: १ मिमी, ५ मिमी आणि ५ सेंटिमीटर. मग प्रत्येकासाठी विचारा की कोणत्या ज्वालामुखीतून, कोणत्या वाऱ्याला एवढी येऊ शकते. न्यूझीलंडमध्ये वारा जास्त करून पश्चिमेचा, त्यामुळे रुआपेहूची राख सहसा पूर्वेला जाते, ऑकलंडकडे नाही, पण "सहसा" वर भरोसा ठेवून चालत नाही. १९९६ च्या उद्रेकात राखेमुळे ऑकलंडचा एअरपोर्टसुद्धा बंद ठेवावा लागला होता. जावा बेटावरचा केलूड १३ फेब्रुवारी २०१४ ला फुटला तेव्हा राख पश्चिमेला गेली आणि दोनेकशे किलोमीटरवरच्या योग्यकर्तात रस्ते, छपरं, एअरपोर्ट सगळं राखाडी झालं. म्हणून वाऱ्याचा नुसता वार्षिक सरासरी नकाशा बघू नका, महिन्यांप्रमाणे आणि उंचीप्रमाणे बघा, राख वर जाते तिथला वारा आणि जमिनीवरचा वारा वेगळा असू शकतो. ज्वालामुखी कुरकुर करायला लागला की जिओनेट (न्यूझीलंडमधली भूकंप-ज्वालामुखींवर नजर ठेवणारी यंत्रणा) राख कुठे पडू शकते त्याचे नकाशे देतं, ते बघायची सवय आधीपासून असलेली बरी.

जाडीइतकंच महत्त्वाचं काय तर कण किती बारीक, किती दिवस पडत राहणार, आणि पाऊस आहे का. राख म्हणजे दगड, खनिजं आणि काच यांचा २ मिमीपेक्षा बारीक चुरा, पाण्यात विरघळत नाही, घासते जोरात, आणि ताज्या राखेच्या कणांवर आम्लं आणि क्षार चिकटलेले असतात. जवळपास सगळा त्रास या तीन गोष्टींमधून निघतो: घासणं, तुंबणं, आणि ओली झाली की वीज वाहू देणं.

वीज

इथे जास्त वेळ घालवा, कारण बाकी सगळं हिच्यावर टांगलेलं आहे. कोरडी राख वीज फारशी वाहू देत नाही. पण इन्सुलेटरवर (खांब आणि तारेच्या मधल्या, वीज अडवणाऱ्या वाट्यांवर) तीनेक मिलिमीटर बारीक राख बसली आणि वर रिमझिम पाऊस किंवा धुकं आलं की त्या ओल्या थरातून करंट गळायला लागतो, ठिणगी पडते आणि लाईन ट्रिप होते. गंमत म्हणजे धो-धो पाऊस चांगला, तो राख धुऊन नेतो, वाईट ती भुरभुर. आणि ऑकलंडमध्ये भुरभुर पावसाला तोटा नाही! त्यामुळे राख पडल्याबरोबर लाईट गेली नाही म्हणून सुटलो असं समजू नका, ती दोन दिवसांनी पहाटेच्या दवातही जाऊ शकते.

लाईनवाल्यांना विचारायचं ते असं: इन्सुलेटर कुठल्या प्रकारचे, ते धुवायला किती गँग, एका सबस्टेशनला किती तास लागतात, सबस्टेशनमधल्या खडीचं काय. ती खडी मुद्दाम टाकलेली असते, पायाखालून शॉक बसू नये म्हणून, त्यात ओली राख भरली की तिचा उपयोग कमी होतो आणि आत जाणाऱ्या माणसाच्या जिवाला धोका. हा प्रश्न यादीत हमखास राहून जातो. वीज बनते तिथेही बघा: १९९५-९६ मध्ये रुआपेहूची राख नदीच्या पाण्यातून रांगिपोच्या जलविद्युत केंद्रात गेली आणि टर्बाइन घासून गेले. म्हणजे तुमच्या गल्लीत राखेचा कणही न पडता तुमची वीज कमी होऊ शकते.

पाणी

हुनुआ आणि वाईटाकेरेच्या डोंगरांतली धरणं आणि वाईकाटो नदी यातून ऑकलंडला पाणी येतं. धरण मोठं असेल तर राखेतली रसायनं पातळ होतात, नदीचं पाणी मात्र पटकन गढूळ होतं आणि फिल्टर तुंबतात. म्हणून प्रत्येक स्रोत वेगळा तपासा, सगळे एकदम बंद पडतील असं धरू नका, कुठलाच पडणार नाही असंही नको. शहराच्या कडेला बरीच घरं छपरावरच्या पावसाच्या पाण्यावर आहेत, तिथे टाकी छोटी आणि राख थेट छपरावर, तेव्हा त्यांचा धोका सगळ्यात जास्त. त्यांच्यासाठी उपाय साधा आहे, राख पडायच्या आधीच टाकीकडे जाणारा पाईप काढून ठेवायचा. हे आधी सांगून ठेवलेलं असलं पाहिजे.

आणि मागणी विसरू नका. राख पडली की प्रत्येक जण होजपाईप घेऊन अंगण धुवायला लागतो, आणि पंप-फिल्टर अडचणीत असतानाच पाण्याचा वापर एकदम वर जातो. एप्रिल २०२१ मध्ये कॅरिबियनमधल्या सेंट व्हिन्सेंटवर ला सूफ्रिएर फुटला तेव्हा बेटाच्या बहुतेक भागाचं पाणी तोडावं लागलं होतं. अंदाजात दोन आकडे पाहिजेतच: साठा किती दिवसांचा, आणि लोकांनी राख धुवायला सुरुवात केली तर किती दिवसांचा.

गटारं

माझ्या मते ऑकलंडचा खरा कच्चा दुवा हा. जुन्या मध्यवर्ती भागात पावसाचं पाणी आणि मैलापाणी काही ठिकाणी एकाच पाईपमधून वाहतं, म्हणजे रस्त्यावरची राख धुतली की ती सरळ मांगेरेच्या सांडपाणी प्रकल्पाच्या दारात. माउंट ईडन, एप्सम वगैरे भागात बसाल्टच्या भेगांमध्ये पाणी जिरवायची भोकं आहेत, त्यात राख एकदा गेली की काढणार कशी? १८ मे १९८० ला अमेरिकेतला माउंट सेंट हेलेन्स फुटला तेव्हा सव्वाशे-दीडशे किलोमीटरवरच्या याकिमात साधारण सेंटिमीटरभर राख पडली, तेवढ्यात तिथल्या सांडपाणी प्रकल्पाची यंत्रं बिघडली, आणि शहरातली राख उचलायला १० आठवडे आणि २२ लाख डॉलर लागले.

राख किती उचलावी लागेल याचं गणित घरबसल्या होतं. १ चौरस किलोमीटरवर १ मिमी राख म्हणजे १,००० घनमीटर. १० चौरस किलोमीटरवर ३ मिमी धरली तर ३०,००० घनमीटर, आणि डंपरमध्ये १० घनमीटर मावत असेल तर ३,००० फेऱ्या. बागा-मैदानं वजा केली, निम्मंच धरलं, तरी १,५००. आता विचारा, डंपर किती, ड्रायव्हर किती, आणि ओतायचं कुठे? जागा ठरलेली नसेल तर तोच तुमचा सगळ्यात मोठा धोका म्हणून वर लिहा. जपानमधल्या कागोशिमावर साकुराजिमाची राख अधूनमधून पडतच असते, तिथली महापालिका लोकांना राखेसाठी पिवळ्या पिशव्या देते, ठेवायच्या जागा ठरलेल्या, रस्ते झाडायच्या गाड्या तयार. काही फार हायटेक नाही, फक्त आधी ठरवलेलं.

रस्ते, विमानं

यावर फार लिहित नाही. मिलिमीटरभर राखेतही रस्त्यावरचे पट्टे दिसेनासे होतात, गाड्या घसरतात, एअर फिल्टर भरतात. विमानांचं सगळ्यांना माहीत आहे, २४ जून १९८२ ला ब्रिटिश एअरवेजचं लंडनहून ऑकलंडला निघालेलं विमान (वाटेत मुंबईलाही थांबलेलं) जावाजवळ गालुंगुंगच्या राखेत शिरलं आणि चारही इंजिनं बंद पडली, नशिबाने पुन्हा सुरू झाली. अंदाजात फक्त एवढं लिहा की एअरपोर्ट बंद असताना कुठलं सामान अडकेल.

कोण कोणावर अवलंबून

एका मोठ्या कागदावर वीज, पाणी, गटार, मोबाईल, रस्ते, डिझेल, हॉस्पिटल असे गोल काढा आणि बाण जोडा. पाण्याचा पंप विजेवर, वीज गेली तर जनरेटर, जनरेटरला हवा लागते आणि हवेत राख, फिल्टर बदलायला माणूस पाहिजे, माणूस येणार रस्त्याने. ऑकलंडकरांना याची चव आधीच आहे, जानेवारी-फेब्रुवारी १९९८ मध्ये चार मुख्य केबल एकामागून एक गेल्या आणि शहराचा मधला भाग पाच आठवडे विजेविना धडपडत होता, तेही राखेचा कण नसताना.

मग प्रत्येक गोष्टीसमोर चार गोष्टी लिहा: किती राखेत बंद पडेल, किती दिवस, तिच्यावर कोण टांगलंय, आणि आत्ता काय करून ठेवता येईल. शक्यता १ ते ५, परिणाम १ ते ५, गुणाकार १२, असला प्रकार मला पटत नाही, १२ म्हणजे काय ते मीटिंगमध्ये कोणालाच सांगता येत नाही. "५ मिमी राख आणि रिमझिम पाऊस असेल तर या भागात दोन दिवस वीज नाही, त्यामुळे अमुक पंप बंद" हे सगळ्यांना कळतं. आकड्याबद्दल खात्री कमी असेल तर तसं शेजारी लिहा आणि तिथे काम करणाऱ्या फिटरला विचारा, साहेबाला नंतर.

आणि आता छप्पर

ओल्या राखेचा १ सेंटिमीटर थर म्हणजे दर चौरस मीटरला साधारण १० ते २० किलो. १०० चौरस मीटरच्या छपरावर असा १० सेंटिमीटर थर बसला तर १० ते २० टन. १५ जून १९९१ ला फिलिपिन्समध्ये पिनातुबो फुटला त्याच दिवशी युन्या वादळ आलं, राख भिजली, आणि जे लोक मेले त्यातले बरेच छप्पर अंगावर पडून मेले. सगळ्यात आधी मोठ्या गाळ्याची (मधे खांब नसलेली), कमी उताराची छपरं तपासा: गोडाऊन, सुपरमार्केट, शाळेचे आणि खेळाचे हॉल. लोकांना हलवून ठेवायला नेमके हेच हॉल निवडलेले असतात, तेव्हा यादीतल्या प्रत्येक हॉलचं छप्पर किती वजन घेतं ते इंजिनिअरकडून लेखी घ्या, आणि आकडा मिळाला नाही तर तो हॉल यादीतून काढा.