स्पोर्ट बाईकला हँडल राइजर लावताय? आधी केबल बघा, मग पैसे द्या

यामाहाची आर१५ घ्या, केटीएमची आरसी घ्या नाहीतर कावासाकीची निन्जा, शोरूममध्ये पाच मिनिटं वाकून बसलं की एकदम भारी वाटतं, आणि मग इंदूरमध्ये संध्याकाळच्या गर्दीत विजयनगरहून राजवाड्यापर्यंत क्लच दाबत दाबत आलं की मनगटं बोलायला लागतात. राइजर, म्हणजे हँडल उंच करणारा जोड, लावा, बिनधास्त लावा, हँडल २० मिमी जरी वर आलं तरी अंगाला कळतं. फक्त त्याआधी एकदा टाकी गुडघ्यांनी घट्ट धरून, वजन पोटावर-पाठीवर घेऊन चालवून बघा. बरेच जण सगळं अंग हँडलवर टाकून बसतात, तसं असेल तर राइजर लावूनही दुखणं थोडंच कमी होणार.

बाजारात साधारण दोन प्रकार मिळतात. एक म्हणजे ठोकळा, म्हणजे जुना क्लिप-ऑन (डावं-उजवं सुटं असलेलं हँडल) तसाच ठेवून त्याच्याखाली बसतो तो. दुसरा म्हणजे अख्खा नवा उंच क्लिप-ऑन, जो पुढच्या शॉकअपच्या नळीला आवळतो. दुसरा घेणार असाल तर नळीचा व्यास व्हर्नियरने (जाडी मोजायच्या मापपट्टीने) मोजा, आणि क्लिप-ऑन जिथे आवळतो तिथेच मोजा, कारण यूएसडी, म्हणजे उलट्या, शॉकअपला वरची नळी जाड असते आणि खालचं माप काही कामाचं नाही. तुमच्या मॉडेलचा, तुमच्याच व्हर्जनचा किट घ्या, "सगळ्यांना बसतो" वाला नको. लोहामंडीत लेथवाल्याकडून पाईप वेल्ड करून घ्यायचा विचार असेल तर तो सोडून द्या, हँडल आहे ते, सायकलचं कॅरिअर नाही. आणखी एक जुगाड चालतो, शॉकअपच्या नळ्या टीमधून (नळ्या धरून ठेवणाऱ्या आडव्या पट्टीतून) वर सरकवायच्या आणि क्लिप-ऑन टीच्या वर आवळायचा. त्याने पुढची बाजू खाली बसते, ट्रेल (पुढचं चाक सरळ ठेवणारं माप) कमी होतो आणि स्टिअरिंग चंचल होतं. नको.

आता मुद्द्याची गोष्ट, केबल. राइजर बसवायला जोर लागत नाही, खरं काम क्लच केबल, ॲक्सिलरेटर केबल, ब्रेकचा होज (ऑइलची नळी) आणि स्विचची वायरिंग यांचं असतं, आणि या सगळ्यांची लांबी कंपनीने जुन्या उंचीला धरून ठेवलेली असते. म्हणून किट घ्यायच्या आधीच हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा आणि प्रत्येक केबलला किती ढील उरते ते हाताने बघा. कुठे ताणलेलीच दिसली तर मोठी केबल आणि मोठा होज यांचा खर्च पण धरून चाला. माझं ऐकाल तर पहिल्यांदा २०-२५ मिमीच्या वर जाऊ नका.

बसवताना गाडी पॅडॉक स्टँडवर (मागचं चाक उचलून धरणाऱ्या स्टँडवर) सरळ उभी, टाकीवर जुनी गोधडी, आणि काही खोलायच्या आधी केबल कुठून कशी गेलीय त्याचे मोबाईलवर फोटो. एका वेळी एकच बाजू खोला. ब्रेकचा मास्टर सिलिंडर (लिव्हरजवळचा ऑइलचा डबा) काढावा लागला तर तो सरळ उभा बांधून ठेवा, होजवर लटकवू नका, हवा शिरली की मग ब्लीडिंग, म्हणजे ती हवा बाहेर काढणं, करत बसा. होजच बदलत असाल तर बॅन्जो बोल्टला (होज जोडणाऱ्या पोकळ बोल्टला) नवे वॉशर, ब्रेक ऑइल डब्यावर लिहिलंय तेच (बहुतेक डॉट ४), आणि रंगावर थेंब पडला तर लगेच पाण्याने धुवा, रंग खातं ते.

बऱ्याच क्लिप-ऑनना एक छोटी खुंटी असते, ती आपल्या भोकात नीट बसली पाहिजे, नाहीतर डावं-उजवं वेगवेगळ्या कोनात येतं. बोल्टला निळ्या थ्रेडलॉकरचा (बोल्ट ढिला होऊ न देणाऱ्या गोंदाचा) एक थेंब, आणि दोन बोल्ट असतील तर आलटून पालटून थोडे थोडे आवळा. एम६ साधारण १० न्यूटन-मीटर, एम८ साधारण २०-२५, पण किटच्या कागदावर किंवा मॅन्युअलमध्ये जो आकडा असेल तो खरा. टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने आवळणारा पाना) नसेल तर कोणाकडून तरी मागून आणा. "हो जाएगा भिया" म्हणत जो अंदाजाने आवळतो त्याच्या हातून ॲल्युमिनियमचे आटे जातात. मग दोन्ही लिव्हरचा कोन परत लावा, बसल्यावर हात आणि बोटं एका रेषेत यायला हवीत.

मग टेस्ट, आणि इथे घाई नाही. इंजिन बंद ठेवून हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे. टाकी आणि ग्रिपच्या मध्ये अंगठा चिमटत नाही ना, लिव्हर फेअरिंगला किंवा काचेला लागत नाही ना, चावीचा हँडल लॉक पडतो ना. मग इंजिन चालू, न्यूट्रलमध्ये, परत तसंच वळवा. आरपीएम जरा जरी वर गेला तर ॲक्सिलरेटर केबल ओढली जातेय, गाडी बाहेर काढायची नाही. क्लचचं फ्री प्ले (लिव्हरची मोकळी चाल) पण परत लावा. आणि लोक विसरतात ती गोष्ट, ब्रेकचा होज सगळ्यात जास्त ताणतो तो पुढचं चाक हवेत लोंबत असताना, म्हणून मेकॅनिककडे फ्रेमखाली टेकू लावून चाक उचला आणि तेव्हा दोन्हीकडे वळवून बघा.

पहिली चक्कर कॉलनीतच मारा, हळू यू-टर्न, दोन-चार स्पीडब्रेकर, ब्रेक दाबून बघणं. नंतर बायपास, आणि मग मानपूर किंवा जाम गेटचा घाट. आता छाती वर आलीय त्यामुळे वारा जास्त लागणार आणि वेगात पुढचं चाक थोडं हलकं वाटणार, त्याची सवय होते, नसेल होत तर उंच काच बघा. शंभरेक किमी झाल्यावर सगळे बोल्ट परत टॉर्कवर तपासा.

कागदांचं म्हणाल तर मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे, त्यामुळे इन्शुरन्सवाल्यांना आधीच विचारून घ्या, आणि जुने क्लिप-ऑन, बोल्ट, केबल एका पिशवीत नाव लिहून माळ्यावर ठेवा, विकताना गिऱ्हाईक स्टॉक हँडलच मागतं.