खेळाडूला नायक करून बाइकर चित्रपट काढताय? या चुका टाळा

१२ जानेवारी १९६९ रोजी न्यूयॉर्क जेट्स या अमेरिकन फुटबॉल संघाने बाल्टिमोर कोल्ट्सचा १६-७ असा पराभव केला. जेट्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणारा खेळाडू, जो नेमथ याने तीन दिवस आधीच विजयाची जाहीर हमी दिली होती आणि कोल्ट्सचे पारडे इतके जड होते की ती हमी अनेकांना निव्वळ बढाई वाटली होती. पुढच्याच वर्षी हा नेमथ ‘सी. सी. अँड कंपनी’ या बेताच्या खर्चातल्या बाइकर चित्रपटाचा नायक झाला. त्याच्यासोबत नायिका म्हणून अ‍ॅन-मार्ग्रेट होती. चित्रपट थोर नाही. तरीही मोजक्या पैशांत, एखाद्या नावाजलेल्या खेळाडूला घेऊन मोटारसायकलींचा चित्रपट काढू पाहणाऱ्याने तो जरूर पाहावा, कारण अशा चित्रपटात काय साधते आणि काय फसते, ते त्यात शेजारीशेजारी दिसते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे खेळाडूला पहिल्याच दृश्यात बोलायला लावणे. ‘सी. सी. अँड कंपनी’ने ती टाळली आहे. नेमथ एका सुपरमार्केटमध्ये शिरतो, मांडणीवरचे पावाचे पाकीट उघडून दोन तुकडे काढून घेतो, पाकीट पुन्हा जागच्या जागी ठेवतो, मग हॅम आणि चीज यांचीही तशीच वासलात लावतो, तिथेच उभ्या उभ्या सँडविच करून खातो आणि बाहेर पडताना फक्त च्युइंग गमचे पैसे चुकते करतो. हा माणूस फुकटा आहे, निर्धास्त आहे आणि तरी आपल्याला आवडतो आहे, हे सगळे एकाही भाषणाविना कळते. ज्याने उभी हयात हजारो डोळ्यांसमोर हातांनी अचूक काम करण्यात घालवली, त्याचे हात कॅमेऱ्यासमोरही अवघडत नाहीत. अवघडते ती जीभ. म्हणूनच पुढे प्रेमप्रसंगांत तो शांत उभा राहून वाक्ये म्हणू लागतो, तेव्हा तोच मनुष्य लाकडी वाटतो. आपल्या चित्रीकरणातही एखादे दृश्य असे आडवे आले, तर वीस वेळा रीटेक घेऊन नायकाला रडकुंडीला आणू नये. त्याचे संवाद निम्मे करावेत आणि त्याच्या हाती साखळीला तेल देण्याचे, प्लग पुसण्याचे किंवा जॅकेटची चेन ओढण्याचे काम द्यावे. बोलण्याची जबाबदारी समोरच्या कसलेल्या नटावर टाकावी.

मात्र हा समोरचा नट निवडतानाही गफलत होते. नायक झाकोळला जाईल या धास्तीने निर्माते खलनायकही कच्चाच घेतात आणि मग दोन नवशिके एकमेकांकडे पाहत राहतात. नेमथसमोर टोळीचा म्होरक्या म्हणून विल्यम स्मिथ हा दूरचित्रवाणी मालिकांत मुरलेला, पिळदार शरीराचा नट होता. तो पडद्यावर आला की धोका आपोआप जाणवतो आणि नेमथला काही न करता नुसते उभे राहणेही पुरते. १९९१ च्या ‘स्टोन कोल्ड’मध्ये अमेरिकन फुटबॉलचा खेळाडू ब्रायन बॉसवर्थ याच्यासमोर लान्स हेन्रिक्सन या कसलेल्या नटाला उभे करण्यात हेच शहाणपण होते, जरी त्या चित्रपटाचा खर्च आपल्या आवाक्याबाहेरचा होता.

नुसत्या नावावर विसंबणे ही आपल्याकडचीही जुनी सवय आहे. १९८३ च्या विश्वविजेत्या संघातले संदीप पाटील आणि सय्यद किरमाणी १९८५ मध्ये ‘कभी अजनबी थे’मध्ये झळकले, तेव्हा त्यांना मोठ्या पडद्यावर पाहण्याचे कुतूहल स्वाभाविकच होते. पण कुतूहल पहिल्या शुक्रवारी संपते.

‘गाडी चालवता येते ना?’ हा प्रश्न शेवटी विचारणे ही तर हमखास आढळणारी चूक आहे. दिग्दर्शक रॉजर कॉर्मन यांनी १९६६ च्या ‘द वाइल्ड एंजल्स’ या बाइकर चित्रपटासाठी ऑस्करविजेता जॉर्ज चाकिरिस याला मुख्य भूमिका दिली होती, परंतु त्याला मोटारसायकल चालवता येत नव्हती. डबल, म्हणजे नटाऐवजी गाडी चालवणारा बदली माणूस, वापरण्याऐवजी कॉर्मन यांनी दुय्यम भूमिकेतल्या पीटर फाँडाला नायक केले, कारण त्याला ती येत होती. कमी खर्चाच्या चित्रपटाला हाच हिशेब परवडतो. डबल घेतला की प्रत्येक दृश्य दोनदा लावावे लागते आणि चेहरा व वेग कधीच एका फ्रेममध्ये येत नाहीत.

खेळाडूच्या बाबतीत आणखी एक कागद आधी वाचावा लागतो, तो म्हणजे त्याचा क्लबशी असलेला करार. अनेक व्यावसायिक करारांत मोटारसायकल चालवण्यास मनाई असते. शिकागो बुल्सचा बास्केटबॉलपटू जे विल्यम्स याच्या करारात ती होती. २००३ मध्ये मोटारसायकलच्या अपघाताने त्याची कारकीर्द जवळजवळ संपली. शिवाय खेळाडू मैदानावरही जायबंदी होतो. नेमथचे मनगट ऑक्टोबर १९७० मध्ये, म्हणजे ‘सी. सी. अँड कंपनी’ प्रदर्शित झाली त्याच महिन्यात, सामन्यात मोडले. चित्रीकरण उरकलेले होते म्हणून निभावले. क्लोजअप आणि संवादांची दृश्ये आधी आणि भरधाव दृश्ये शेवटी ठेवावीत, म्हणजे दुर्दैवाने काही घडलेच तर निदान कथा हाती राहते.

आता ‘गाडी ऐंशीने पळते, पण पडद्यावर रांगते’ ही तक्रार. बहुतेकदा दोष कॅमेऱ्याच्या जागेत असतो. मोकळ्या माळावर, समोरून, लांबच्या लेन्सने टिपलेली मोटारसायकल जागच्या जागी थरथरते आहे असे वाटते, कारण ती लेन्स अंतर चपटे करते. कॅमेरा रस्त्यापासून वीतभर उंचीवर आणावा, वाइड लेन्स लावावी आणि मधून विजेचे खांब, कुंपण, झाडे सपासप मागे जातील असा रस्ता निवडावा. मग चाळीसचा वेगही छाती दडपवतो आणि नायकही सुखरूप राहतो. काही जण सेकंदाला चोवीसऐवजी वीस फ्रेम घेऊन वेग फुगवतात. ही युक्ती रिकाम्या रस्त्यावर खपते, पण मागे एखादा पादचारी असला की तो टुणटुण चालू लागतो आणि थिएटरात हशा पिकतो.

आवाजाकडे मात्र कुणीच वेळेवर पाहत नाही. चालत्या इंजिनाशेजारी ध्वनिमुद्रित केलेला संवाद सहसा वापरता येत नाही, त्यामुळे डबिंगचा खर्च पहिल्या दिवशीच धरावा. इंजिनाचा आवाज मात्र त्याच गाडीचा हवा. दुसऱ्याच गाडीचा फटफटाट चिकटवला तर मोटारसायकल चालवणारा प्रेक्षक लगेच ओळखतो. त्यासाठी दिवसाचे काम संपल्यावर युनिटला तासभर थांबवावे, वाहतूक नसलेल्या जागी गाडी न्यावी आणि थंड इंजिन सुरू होण्यापासून प्रत्येक गिअर बदलण्यापर्यंत, जवळून जाताना आणि दूर जाताना, असे सगळे आवाज वेगवेगळे टिपून घ्यावेत. आवाज टिपणाऱ्याने गाडीपुढे नव्हे, तर सायलेन्सरच्या बाजूला, वाऱ्याकडे पाठ करून उभे राहावे.