अन्यायापुढे स्टोइक विचार वापरताना या चुका टाळा

"जे आपल्या हातात नाही ते सोडून द्या" एवढंच पाठ करून लोक स्टोइक, म्हणजे त्या प्राचीन ग्रीक-रोमन तत्त्वज्ञानाचे अनुयायी, होतात. मग ऑफिसात समोर कुणाचा हक्क मारला जात असला तरी मूग गिळून बसतात आणि त्याला मनःशांती म्हणतात. ही सर्वात मोठी चूक. ती होते, कारण स्टोइक तत्त्वज्ञ एपिक्टेटसने आपल्या हातात काय आहे, काय नाही याची केलेली यादी कुणी धीराने शेवटपर्यंत वाचत नाही. हातात नसलेलं म्हणजे शरीर, मालमत्ता, नावलौकिक, पद. हातात असलेलं म्हणजे आपलं मत, आपली इच्छा, काय करायचं याचा निर्णय. बोलायचं की नाही हे हातात असलेल्यात येतं. बोलल्यावर नोकरी टिकेल का, हे हातात नसलेल्यात.

रोमच्या सिनेटचा, म्हणजे तिथल्या राज्यसभेचा, सदस्य हेल्विडियस प्रिस्कस याचा प्रसंग एपिक्टेटसनेच सांगितलाय. सम्राट व्हेस्पेशियनने निरोप धाडला, सिनेटमध्ये येऊ नकोस. हेल्विडियस म्हणाला, माझं सदस्यत्व काढणं तुझ्या हातात आहे; ते आहे तोवर मला आलंच पाहिजे. सम्राट: बरं, ये, पण गप्प बस. हेल्विडियस: मत विचारू नकोस, गप्प बसेन. सम्राट: मला विचारावंच लागेल. हेल्विडियस: मग मलाही योग्य वाटेल ते बोलावंच लागेल. सम्राट: बोललास तर ठार करीन. हेल्विडियस: मी अमर आहे असं कधी म्हटलं होतं? पुढे तो हद्दपार झाला आणि मारलाही गेला. मारणं सम्राटाचं काम, न थरथरता मरणं आपलं, ही वाटणी त्याच्या डोक्यात पक्की होती.

म्हणून तक्रार देण्याआधी कागदावर दोन रकाने आखा: मी काय करणार, आणि त्याचं काय होईल. निर्णय पहिल्या रकान्यावरून घ्या. दुसरा रकाना तयारीसाठी: कागदपत्रांच्या प्रती, काही महिन्यांच्या खर्चाची सोय.

रागाला धैर्य समजू नका. मसुदा रात्रभर ठेवा, सकाळी विशेषणं खोडा. तारीख, रक्कम, घटना तेवढी राहू द्या.

"मी तर काही वाईट केलं नाही" हीही पळवाट आहे. काही न करूनही अन्याय होतो, हे स्टोइक रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसने स्पष्ट लिहिलंय.

आणखी एक चूक उतावळे नवखे हमखास करतात: आपल्या धैर्याची किंमत दुसऱ्याला मोजायला लावतात. इ.स. ५९मध्ये रोमन सम्राट नीरोने आईला मारवलं, त्याचं समर्थन सिनेटमध्ये सुरू होताच स्टोइक सिनेटर थ्रेसिया पीटस उठून चालता झाला. इ.स. ६६मध्ये त्याच्यावर खटला आला, तेव्हा रस्टिकस नावाचा तरुण ट्रिब्यून (सिनेटचा ठराव रोखू शकणारा अधिकारी) नकाराधिकार वापरायला निघाला. थ्रेसियाने त्याला थांबवलं: मला उपयोग नाही, तुझा मात्र जीव जाईल. साक्षीदार म्हणून सहकाऱ्याचं नाव लिहिण्याआधी त्याला विचारा. तो नको म्हणाला तर ते नाव वगळून तक्रार उभी राहते का, ते तपासा.