लातूरकराचं जहाज: नकाशा तळापासून वर काढा

समुद्र मी लग्नानंतर पाहिला. तरी टेबलावर नकाशा मांडून, पात्रं होऊन खेळायच्या गोष्टीच्या खेळासाठी राक्षस-चाच्यांचं तीन डोलकाठ्यांचं जहाज मीच काढलं, चौकटीच्या वहीत. एक चौकट म्हणजे पाच फूट.

सुरुवात तळापासून. सगळ्यात खाली दगडगोटे, नाहीतर जहाज कलंडतं. त्यावर पाण्याची पिंपं. इथं हात आखडू नका. २०१६ साली रेल्वेनं पाणी आलेल्या गावचा माणूस सांगतोय. शंभर माणसं, माणशी रोज ४ लिटर, ३० दिवस, म्हणजे १२,००० लिटर. २०० लिटरची ६० पिंपं झाली. मोजून बसवा.

त्यावर दोरखंड, शिडं. दारूगोळा पाण्याच्या पातळीखालीच. मग तोफा, जड खाली, हलक्या वर. माझ्या तर सगळ्या वरच होत्या. भाचा म्हणाला, "मामा, ही तर उसाची ट्रॉली झाली!" खरंच की. स्वीडनचं 'वासा' नावाचं जहाज १६२८ मध्ये असंच वरून जड झालं न् पहिल्याच सफरीत बुडालं. खलाशांच्या झोपायच्या झोळ्या तोफांमध्येच टांगा.

उघडा मजला सोपा. मागं कप्तानाची खोली. मुख्य डोलकाठी मात्र तळापर्यंत जाते, तिचा गोल प्रत्येक मजल्यावर काढा. आणि राक्षसासाठी जिना दोन चौकटी रुंद ठेवा.