लिहिताना सूर लागावा म्हणून

गाणाऱ्याचा सूर लागतो तसा लिहिणाऱ्याचाही लागतो. हातातलं वाक्य पुरं व्हायच्या आत पुढचं दाराशी येऊन उभं असतं, आणि पायाला मुंग्या आल्यात हे उठल्यावरच कळतं. असा दिवस कृपेसारखा वाटतो, म्हणून बरेच जण त्याची वाट बघत बसतात. वाट बघून तो येत नाही. पण ज्या परिस्थितीत तो येतो, ती बरीचशी आपल्याला जुळवून आणता येते.

मिहाय चिकसेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञाने गिर्यारोहक, बुद्धिबळपटू, संगीतकार, नर्तक, शल्यविशारद अशा लोकांशी बोलून या तंद्रीचा अभ्यास केला आणि १९७५ मध्ये तो पुस्तकरूपाने मांडला. ‘फ्लो’ हा शब्द त्यांच्यामुळेच रूढ झाला. त्यांच्या मांडणीत तीन अटी पुन्हा पुन्हा येतात. पुढचं पाऊल कोणतं हे स्पष्ट हवं, ते बरोबर पडलं की चुकलं हे लगेच कळायला हवं, आणि काम कुवतीला थोडा ताण देणारं हवं. फार सोपं झालं की कंटाळा, फार अवघड झालं की धास्ती. गिर्यारोहकाला यातल्या पहिल्या दोन गोष्टी कातळच पुरवतो. पकड चुकली की पाय घसरतो. कागद मात्र लिहिणाऱ्याला काहीच सांगत नाही, आणि वाचकाचं उत्तर यायला महिने लागतात. त्यामुळे लेखकाला या अटी स्वतःच्या हाताने तयार कराव्या लागतात.

बसण्याआधीची चिठ्ठी

‘आज कादंबरी पुढे न्यायची’ ही इच्छा झाली, तिला काम म्हणता येत नाही. चिठ्ठीवर एका बैठकीत संपेल असा तुकडा लिहा: ‘धाकटा भाऊ किल्ली मागतो. बहीण नाही म्हणते, पण कारण सांगत नाही. तो दार न लावता निघून जातो, तिथपर्यंत.’ यात कोण, त्याला काय हवंय आणि कुठे थांबायचं, हे सगळं आलं. लेख असेल तर या परिच्छेदात वाचकाच्या कोणत्या एका शंकेचं उत्तर द्यायचं, एवढं लिहिलं तरी पुरे. तीनशे-चारशे शब्दांचा तुकडा पाऊण तासाला बेताचा होतो.

चिठ्ठी वाचून जांभई आली तर काम सोपं पडतंय. एखादं बंधन घाला: सगळा प्रसंग फक्त संवादात, किंवा एकही विशेषण न वापरता. पोटात गोळा आला तर तुकडा अर्धा करा. भावाचं मागणं आणि तिचा पहिला शब्द, बस्स.

तो पाऊण तास

फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. बैठकीआधी मेल आणि मेसेजही बघू नका. संशोधक सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं की अर्धवट सोडलेल्या कामात लक्षाचा काही भाग रेंगाळत राहतो आणि पुढच्या कामाला तेवढा कमी मिळतो. उत्तर न दिलेला एक मेसेजसुद्धा त्याला पुरतो.

मग कालच्या मजकुराचा फक्त शेवटचा परिच्छेद पुटपुटत वाचा. सुरुवातीपासून वाचायला घेतलं की हात दुरुस्तीकडे जातो आणि वेळ तिसऱ्या ओळीतल्या स्वल्पविरामावर खर्च होतो. शेवटची दोन वाक्यं नव्या पानावर पुन्हा उतरवा आणि तसेच पुढे चला.

पहिली दहा-पंधरा मिनिटं मजकूर वाईट येणार. बरेच दिवस बंद असलेल्या नळाला आधी गढूळच पाणी येतं. नेमक्या याच वेळी माणूस ‘आज काही जमत नाहीये’ म्हणून उठतो, आणि दुसऱ्या दिवशी परत त्याच गढूळ पाण्यापाशी येतो. म्हणून वीस मिनिटांच्या आत उठायचं नाही, हा एक नियम कडक पाळा. बाकीचे थोडे सैल चालतील.

शब्द अडला तर फुल्या मारून पुढे जा: ‘तिने ××× रंगाची पिशवी उचलली.’ झाडाचं नाव, सन, अंतर असलं काही शोधायला इंटरनेटवर जाऊ नका. परत येईपर्यंत वाक्याची लय गेलेली असते. एक परिच्छेद झाला की ओठ हलवून वाचा आणि जिथे जीभ अडखळेल तिथे समासात रेघ मारा. लगेच दुरुस्त करू नका. कातळ गिर्यारोहकाला जे सांगतो ते इथे जीभ सांगते, आणि रेघ मारल्यामुळे ते ऐकलं जातं, पण लिहिणं थांबत नाही. खाडाखोड दुसऱ्या दिवशी.

वेळ संपली की वाक्य मध्येच तोडा. ‘तिने किल्ली मुठीत घट्ट धरली आणि’, एवढ्यावर. पुढे काय होणार हे माहीत असतानाच थांबावं, असा अमेरिकन कादंबरीकार हेमिंग्वे यांचाही सल्ला होता. मानसशास्त्रज्ञ ब्ल्यूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये नोंदवलं होतं की अर्धवट राहिलेली कामं पुऱ्या झालेल्या कामांपेक्षा जास्त लक्षात राहतात. नंतरच्या सगळ्याच प्रयोगांत तसं आढळलं नाही. इथला फायदा त्याहून साधा आहे: उद्या कोऱ्या पानासमोर बसावं लागत नाही.

अडलं तर

कशाने अडलंय ते आधी बघा. झोप अपुरी असेल तर झोपा, त्यावर दुसरा इलाज नाही. वाक्यं गुळगुळीत आणि मोघम होत असतील तर माहिती कमी पडतेय. लिहिणं ठेवा आणि वाचा. माहिती भरपूर आहे तरी पात्र जागचं हलत नाही, हा प्रकार जास्त फसवा. इथे दोष बहुधा अडलेल्या जागी नसतो, एक-दोन पानं मागे असतो, जिथे लेखकाने आपल्या सोयीसाठी पात्राला काहीतरी करायला लावलेलं असतं. किल्लीच्या प्रसंगात बहीण गप्पच बसत असेल तर मागे जाऊन विचारा: तिने भावाला घरात घेतलंच का? कथेत तो यायला हवा होता म्हणून? मग तिथून पुन्हा लिहा.

कल्पनाच सुचत नसेल तर चालायला जा. मॅरिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ या संशोधकांच्या २०१४ च्या प्रयोगांत बसलेल्यांपेक्षा चालणाऱ्यांना नव्या कल्पना जास्त सुचल्या. मात्र एकच अचूक उत्तर असलेल्या कोड्यांना चालण्याचा उपयोग झाला नाही. म्हणजे ‘भाऊ किल्लीऐवजी आणखी काय मागू शकेल’ हा प्रश्न सोबत न्यावा. अडलेला शब्द टेबलावरच सोडवावा. प्रश्न एकच न्या, आणि कानात काही लावू नका.

मनाचा आधार

एवढं सगळं जुळवूनही एक गोष्ट आड येते: हे लिहून मी कोण ठरणार, ही धास्ती. अध्यात्माचा लेखकाला खरा उपयोग इथे होतो, आणि तो नास्तिकालाही वर्ज्य नाही.

लिहिण्याआधी तीन ते पाच मिनिटं गप्प बसा. श्वास एक ते दहा मोजा. मोजणी चुकली की पुन्हा एकपासून. ज्याला नामस्मरण किंवा प्रार्थना जवळची, त्याने ती करावी. मग मनात एकच वाक्य म्हणा, आणि ते कामाबद्दल असू द्या. ‘आज चांगलं लिहीन’ हा संकल्प दगा देतो. चांगलं होतंय का, हे लिहिता लिहिता तपासावं लागतं, आणि तपासायला लागलं की तंद्री मोडते. ‘ती नाही का म्हणाली, ते खोटं न बोलता लिहीन’ हे पाळता येतं. फळाची आस सोडण्याचा टेबलावरचा अर्थ एवढाच: त्या पाऊण तासात वाचक, संपादक, बक्षीस यांच्यापैकी कोणालाही खोलीत घ्यायचं नाही. नंतर खुशाल घ्या.

प्रेरणा बाहेरून येते ही समजूत फार जुनी. ग्रीकांच्या म्यूझ देवता होत्या, आपल्याकडे सरस्वती. या समजुतीचा फायदा दुहेरी आहे. चांगलं उतरलं तर डोक्यात हवा जात नाही, आणि फसलं तर सगळा दोष एकट्यावर येत नाही. पण ‘देवी प्रसन्न नाही’ म्हणून महिनाभर टेबलाकडे न फिरकण्याची सोयही त्यातच आहे. तेव्हा बैठकीची वेळ आपली आणि त्या बैठकीत काय आलं ते तिचं, अशी वाटणी बरी.

दोन चुका नेहमी होतात. एक, विधी फुगतो. आधी पाच मिनिटं शांतता, मग मंद दिवा, मग ठराविक पेन, आणि शेवटी त्या पेनाशिवाय अक्षर उमटत नाही. रेल्वेच्या डब्यात बसून करता येईल एवढाच विधी ठेवा. दुसरी, ध्यान लांबतं. अर्धा-पाऊण तास शांत बसलं की मन इतकं निवतं की लिहायची खुमखुमीच जाते. थोडी तगमग शिल्लक राहायला हवी.

दुखरा विषय असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांच्या १९८६ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं आपल्या आघाताबद्दल लिहिलं. घटनेसोबत भावनाही मांडणारे लिहून उठताना जास्त खिन्न होते, पण पुढच्या सहा महिन्यांत त्यांच्या आरोग्यकेंद्राच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी राहिल्या. तेव्हा लिहून उठल्यावर उदास वाटलं तर तो मजकुराचा निकाल समजू नका. इथे वीस मिनिटांचा तो नियम सोडा: पंधरा-वीस मिनिटांत थांबा, मग भांडी घासण्यासारखं हाताचं काम करा. उदासी दिवसेंदिवस हटली नाही तर विषय बाजूला ठेवून समुपदेशकाशी बोला.

हुरूप टिकवायला मात्र बाहेरच्या कौतुकापेक्षा एक छोटी परीक्षा जास्त कामी येते. रोजच्या पानाच्या मागे तारीख आणि एक खूण करा: सूर लागला असेल तर गोल, ओढाताण झाली असेल तर फुली. महिन्याने पानं पिसून फक्त पुढची बाजू वाचा आणि कोणतं पान गोलाचं, कोणतं फुलीचं ते ओळखा. फुलीची पुष्कळ पानं गोलाची वाटली, तर ओढाताणीच्या दिवशी लवकर उठायचं कारण उरत नाही. खूण मागेच करायची. समोर असली की डोळा आधी तिच्यावर जातो. संगणकावर लिहीत असाल तर खुणा वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि पानांना नुसते आकडे द्या.