फिल्म कॅमेऱ्यासाठी जुनी ऑटोफोकस झूम लेन्स पारखताना

१९८५ मध्ये मिनोल्टा ७००० हा कॅमेरा आला, १९८७ मध्ये कॅननने ईओएस मालिका सुरू केली आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ऑटोफोकस झूम लेन्स इतक्या मोठ्या संख्येने तयार झाल्या की आज फिल्मकडे वळणाऱ्याला त्या बऱ्यापैकी स्वस्तात मिळतात. बहुतेक जण निवडीची सुरुवात नावापासून करतात. माझ्या मते नाव दुय्यम मानावे. कारण तीस-पस्तीस वर्षे कपाटात पडून राहिलेल्या लेन्सची मूळ रचना कितीही उत्तम असली, तरी छायाचित्र हातातल्या त्या एका नगाच्या स्थितीनुसारच येणार.

रचनेबाबत ढोबळ नियम एवढाच की झूमचा पल्ला माफक असावा आणि शक्यतो लेन्सचे कमाल छिद्र (प्रकाश आत सोडणारे भोक) सर्व नाभीय अंतरांवर, म्हणजे झूम कुठेही असली तरी, तेवढेच राहावे. मिनोल्टाची ७०-२१० एफ/४ (७० ते २१० मिमी नाभीय अंतर; ‘एफ’चा आकडा छिद्राचे माप सांगतो, आकडा मोठा तितके छिद्र लहान), जिला हौशी मंडळी तिच्या आकारामुळे ‘बिअरकॅन’ म्हणतात, ती याचे चांगले उदाहरण आहे. नव्वदच्या दशकात कॅमेऱ्यासोबत दिल्या जाणाऱ्या हलक्या प्लॅस्टिकच्या २८-८० लेन्स एफ/८ वर चांगले काम देतात, पण पूर्ण उघड्या छिद्रावर त्यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये.

पहिली तपासणी विजेरीची. दोन्ही झाकणे काढून, छिद्र पूर्ण उघडे ठेवून, एका टोकाने तिरका प्रकाश टाकावा आणि दुसऱ्या टोकाने आत पाहत लेन्स हळूहळू कलती करावी. धुळीचे चार-दोन कण दिसले तर सोडून द्यावेत. कोळ्याच्या जाळ्यासारखे किंवा बारीक मुळांसारखे तंतू दिसले, तर ती बुरशी होय. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात बंद चामडी पिशवीत राहिलेल्या लेन्समध्ये ती हमखास सापडते आणि ती साफ केली तरी भिंगावरील लेपावर तिचे ओरखडे कायम राहू शकतात. याहून फसवा दोष म्हणजे धूसरपणा. साध्या उजेडात लेन्स स्वच्छ वाटते, मात्र विजेरीचा झोत तिरका पडताच आतल्या एखाद्या भिंगावर काचेवर श्वास सोडल्यासारखा पांढुरका थर दिसतो. निकॉनच्या ३५-७० एफ/२.८ लेन्समध्ये आतल्या भिंगावर असा थर धरण्याची तक्रार सर्वज्ञात आहे. या थरामुळे सूर्यासमोर घेतलेले चित्र फिकट आणि दुधाळ येते. पुढच्या काचेवरचा एखादा बारीक चरा चालतो, मागच्या काचेवरचा सहसा चालत नाही.

दुसरी तपासणी छिद्राच्या पात्यांची. निकॉन आणि मिनोल्टाच्या लेन्समध्ये माउंटजवळची (लेन्स कॅमेऱ्याला जोडणाऱ्या कडीजवळची) छोटी दांडी बोटाने सरकवून सोडली की पाती तत्क्षणी मिटली-उघडली पाहिजेत. कॅननमध्ये अशी दांडी नसते, कारण छिद्र विजेवर चालते. तेथे फिल्म कॅमेऱ्याचा एक फायदा घेता येतो. रोल न भरता मागचे दार उघडावे, एफ/१६ आणि एक सेकंदाचा शटरवेग ठेवून बटण दाबावे आणि मागून आरपार पाहावे. मी एकदा ही तपासणी टाळली आणि घरी येऊन पाहतो तर पात्यांवर तेलाची चमक होती आणि ती मिटायला इतकी रेंगाळत होती की उन्हातले सगळे फोटो दोन स्टॉप, म्हणजे चौपट, जास्त प्रकाशित आले. काचा मात्र नव्यासारख्या होत्या!

यानंतर फोकस. जवळची वस्तू आणि दूरची इमारत यांवर आलटून-पालटून दहा-बारा वेळा फोकस करून पाहावे. कॅमेऱ्यातल्या मोटारीवर चालणाऱ्या लेन्सचा घरघराट स्वाभाविक आहे. अडखळत येणारा कटकट आवाज मात्र दातेरी चाके झिजल्याचे लक्षण समजावे. जुन्या हाताने फिरवायच्या लेन्सची सवय असलेल्यांना ऑटोफोकस लेन्सची फोकसकडी सैल वाटते, पण मोटारीवर ताण येऊ नये म्हणून ती मुद्दामच तशी ठेवलेली असते, तेव्हा त्यावरून लेन्स नाकारू नये. पुढची नळी धरून हलवल्यावर खडखडली, तर मात्र नाकारावी.

शेवटी एक रोल खर्चावा. डिजिटल बॉडीवर घेतलेली चाचणी सोयीची असली, तरी छोट्या सेन्सरवर चित्राचा मधला भागच येतो आणि झूम लेन्सचे खरे दोष कोपऱ्यांत असतात. ट्रायपॉडवरून विटांच्या भिंतीसमोर काटकोनात कॅमेरा लावून, झूमच्या दोन्ही टोकांना आणि मध्यावर, पूर्ण उघड्या छिद्रावर व एफ/८ वर फोटो घ्यावेत आणि प्रत्येकाची वहीत नोंद ठेवावी. चारही कोपरे सारखेच मऊ (अस्पष्ट) असतील, तर ती रचनेची मर्यादा आहे. एकच कोपरा मऊ असेल, तर कॅमेरा उलटा करून तोच फोटो पुन्हा घ्यावा: मऊपणा भिंतीच्या त्याच भागात राहिला तर कॅमेरा तिरका लागला होता, आणि तो भिंतीच्या समोरच्या कोपऱ्यात गेला तर आतले एखादे भिंग जागेवरून सरकले आहे. रोल धुऊन यायला आठवडा लागू शकतो, म्हणून विक्रेत्याकडून परतीची मुदत निदान पंधरा दिवसांची लेखी घ्यावी.