घाटात बंद पडलेली गाडी : प्रवासातला विनोद कमी खर्चात कसा शूट करावा

सात जणांचं कुटुंब, एक गाडी, पुण्याहून ताम्हिणीमार्गे माणगाव आणि पुढे महामार्ग ६६ धरून गणपतीपुळे. कागदावर हा स्वस्तातला सिनेमा वाटतो. प्रत्यक्षात गाडीतला सीन दिवाणखान्यातल्या सीनच्या सहज दुप्पट वेळ खातो. म्हणून स्क्रिप्ट हातात आली की आधी सीनच्या दोन याद्या करा: गाडी खरंच चालती हवी असे सीन, आणि उभ्या गाडीत भागतील असे सीन. पहिली यादी जितकी छोटी, तितकं बजेट वाचेल. चालती गाडी लागते ती बाहेरून दिसणाऱ्या लांबच्या शॉटला आणि समोरच्या काचेतून रस्ता दिसतो तिथे. मागच्या सीटवरचं भांडण उभ्या गाडीत बिनदिक्कत उरकावं.

संवाद पक्के करण्याआधी कोण कुठे बसणार ते ठरवा, कारण अर्धा विनोद तिथेच असतो. गाडी चालवणारा मागे वळू शकत नाही. त्याची सगळी चिडचिड आरशातून दिसते. ज्याला सारखी लघवीला लागते त्याला तिसऱ्या रांगेत बसवा. तो उतरायचा म्हणजे मधली सीट दुमडायला हवी, त्यासाठी आत्या उतरायला हवी, आत्या उतरायची तर तिच्या मांडीवरचा लाडवांचा डबा कुणीतरी धरायला हवा. एका शब्दाचा संवाद न लिहिता दीड मिनिटाचा सीन मिळतो. आणि संकटं नशिबाने नकोत, कुणाच्या तरी हट्टाने यावीत. पंक्चर झालं यात गंमत नाही; स्टेपनी काढून तिथे आंब्याची पेटी ठेवली होती, यात आहे.

चालत्या गाडीत कॅमेरा बॉनेटवर सक्शन माउंटने, म्हणजे पत्र्याला हवेच्या दाबाने चिकटणाऱ्या रबरी वाट्यांच्या स्टँडने लावतात. पत्रा आधी पुसून कोरडा करा, प्रत्येक टेकआधी पकड तपासा, आणि कॅमेऱ्याला वेगळा पट्टा बांधाच. धूळ आणि उन्हात तापलेला पत्रा यांमुळे पकड सुटते. संवाद म्हणणाऱ्या नटाला घाटात गाडी चालवायला लावू नका. लांबच्या शॉटला त्याचे कपडे घालून ड्रायव्हर बसवा. जवळच्या शॉटसाठी गाडी ट्रेलरवर, म्हणजे दुसऱ्या वाहनाने ओढायच्या सपाट गाड्यावर चढवा, पण सरळ रस्त्यावर. वळणावळणाच्या घाटात ट्रेलर अडकतो, आणि ट्रेलरवर गाडी उंच होत असल्यामुळे शेजारून जाणारी वाहनं फ्रेममध्ये खुजी दिसतात.

समोरच्या काचेवर आकाश आणि झाडं उमटतात आणि चेहरे गायब होतात. लेन्सवर लावायच्या पोलरायझर फिल्टरने, म्हणजे चकाकी कापणाऱ्या काचेने हे कमी होतं, पण तो दीड ते दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). शिवाय रस्त्याने दिशा बदलली की प्रतिबिंब परत येतं. बाजूच्या आणि मागच्या काचा टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेल्या असतात. पोलरायझर लावला की त्यांवर ठिपक्यांची नक्षी दिसते. तिथे तो काढून टाका.

रात्रीचे सीन तर शेडमध्येच करा. उभी गाडी चालती वाटावी म्हणून मागच्या बंपरला धक्का न लावता चेसिसखाली (गाडीच्या सांगाड्याखाली) सहा-सात फुटांची फळी विटेवर टेकवून तरफ करा आणि एका सेटिंग दादाला (सेटवर सामान हलवणाऱ्या कामगाराला) हलकेच दाबायला सांगा. सतत हलवू नका. मधूनच एकदा खड्डा लागल्यासारखं पुरे. दोघांनी हातात लाइट घेऊन पुढून मागे चालत जायचं, म्हणजे समोरून वाहन गेल्याचा भास होतो. काचेवर पाइपने पाणी सोडलं तर बाहेर काही नाही हे लपतं.

आवाजासाठी एसी बंद, इंजिन बंद. इंजिनचा आवाज नंतर टाकता येतो, संवादाखालून काढता येत नाही. एप्रिलमध्ये तीन-चार मिनिटांत नट घामाने निथळतात, तेव्हा टेक छोटे ठेवा आणि मध्ये चारही दरवाजे उघडा.

कंटिन्युइटीत, म्हणजे एका शॉटमधलं पुढच्या शॉटशी जुळवण्यात, सगळ्यात जास्त फसवते ती धूळ. गाडीच्या मळकटपणाच्या चार पायऱ्या ठरवा आणि प्रत्येकीचे चारही बाजूंनी फोटो काढा. पत्र्यावर पाण्याचा फवारा मारून वरून मुलतानी माती चाळणीने भुरभुरवा. चिखल हवा तर तीच माती पाण्यात कालवून चाकांच्या मागे उडवा. वायपरची कमान पुसलेली राहू द्या. सामानाचंही तसंच: पाचव्या सीनमध्ये टपावरून पडलेली बॅग नवव्यात दिसली की प्रेक्षक हसतो, पण चुकीच्या जागी.

कागदपत्रांत तीन गोष्टी आधी उरका. गाडीत कोंबडी किंवा बोकड असेल तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी शूटआधी. चौदा वर्षांखालचं मूल असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. त्याला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय तीन तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. आणि गाडीत वाजणाऱ्या जुन्या गाण्याचे हक्क.

आणखी एक. उभ्या गाडीत इग्निशन चालू, हेडलाइट, वायपर, इंडिकेटर असं दोन-तीन तास चालतं आणि बॅटरी उतरते. मग गाडी खरंच सुरू होत नाही. चार्ज केलेली दुसरी बॅटरी आणि जम्पर केबल रोज सेटवर हवी.